तुम्ही धरून बसलेला मास्क

प्रिय आत्याबाई,

आत्ताच तुमच्या नातीचा मंचरहून फोन आला! हे मळ्यात गेलेत, घरात चिटपाखरू नाही. मग सांगू कुणाला? सासूला सांगितल्याशिवाय मला कधी काही पचलंय का? म्हणून वही ओढली आणि लिहायला बसले.

आपल्या वैशूनं आज एका बाईचा जीव वाचवला हो!

तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून तिला फार दिवसही झाले नाहीत. सकाळी लोणीहून एक तरणी बाई आणली. दम्यानं ओठ निळे पडलेले, बोलता येत नव्हतं. वैशू ऑक्सिजनचा मास्क लावायला गेली, तर त्या बाईच्या आईनं वैशूचा हातच धरला. "नळी नको! नळी लावली की माणूस जातं!"

फोनवर हे ऐकलं आणि डोळ्यांपुढे तुम्हीच उभ्या राहिलात.

तो उन्हाळा आठवतो ना? विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, म्हणून यांनी डिझेल इंजिन आत खाली उतरवून चालू केलं. धूर आतच कोंडला. वर येता येता हे शेवटच्या पायऱ्यांवर कोसळले. शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढलं. मी अनवाणी पळत जाऊन जीप आणली, आणि आण्याचा घाट उतरून आपण आळेफाट्याच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी ऑक्सिजनचा मास्क हातात घेतला मात्र, तुम्ही मध्ये आडव्या! "आमच्या मालकांना लावला व्हता. घटकाभरात गेले. माझ्या पोराला लावू देणार न्हाई!"

किती भीती वाटली मला तुमची! आणि यांच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर तरणे होते, पण चिडले नाहीत. म्हणाले, "मावशी, त्यांचं दुखणंच हाताबाहेर गेलं असेल. मास्कनं माणूस जात नाही. इंजिनाच्या धुरानं याच्या रक्तात प्राणवायूची जागा अडवलीय. ती सोडवायला हेच औषध."

"औषध हाय?"

"औषध आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही मला काही विचारत होतात, तेही नुसत्या डोळ्यांनी. मी मान हलवली. तुम्ही बाजूला झालात.

आणि मग? मग तुम्हीच मास्क धरून बसलात! हे शुद्धीवर आले, डोकं ठणकतंय म्हणून मास्क ओढायला लागले. "आई, बरं वाटतंय आता. काढ की."

"गप पड! लहानपणी काढा थुकायचास, तसं हितं चालायचं न्हाई. डागदर म्हणंल तवाच निघंल!"

सगळा वॉर्ड हसला. तुम्ही मात्र संध्याकाळपर्यंत हात हलवला नाहीत.

पुढे गावभर तीच गोष्ट. बाजारात, लग्नात, पाणवठ्यावर! एक विचारू? जीप मी आणली, हे मात्र एकदाही कुणाला सांगितलं नाहीत! का हो?

बरं, तर वैशू. तिनं त्या आईला तुमची गोष्ट सांगितली, अगदी काढ्यासकट! त्या आईनं विचारलं, "मंग तुझा बाप?"

"बाप? काल कांदे काढत व्हता मळ्यात!"

त्या माउलीनं हात सोडला. एकीकडे मास्क, दुसरीकडे डॉक्टरांचं दम्याचं औषध. वैशू सांगत होती, "आई, हळूहळू ओठांचा रंग बदलला गं! आणि ती पाणी मागायला लागली!" पोरगी रडत होती की हसत होती, कळेना. मी इकडे दोन्ही करत होते.

देवाघरी जायच्या आधी थोडं थांबायला काय झालं होतं तुम्हाला? तिला पांढऱ्या कपड्यांत बघायला हवं होतंत. तिचा आवाज चढला की थेट तुमचा वाटतो!

आता ऐका. वैशूला सुट्टी मिळाली की बचत गटाच्या बायांना देवळात बोलावणार आहे. दम लागला, धूर कोंडला, तर माणसाला लगेच कुठं न्यायचं आणि कशाला घाबरायचं नाही, हे ती समजावेल. सुरुवात मात्र मी करणार. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, तुम्हाला माहीत आहे. शब्द अडतील. तरी उभी राहीन. शब्द देते तुम्हाला, आत्याबाई.

तुमची सून,
कुसुम