आधी नाव, मग मजकूर

बाई,

हे कागदावर लिहितेय, आखीव फुलस्केपवर, डावीकडे तुम्हाला हवा तेवढा समास सोडून. वेबसाइटच्या पॅनलमध्ये लिहिलं असतं तर वीस मिनिटांनी उडालं असतं, आणि ते कसं उडतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी तुमच्यासाठी एकदाही रडले नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं पोरगी आता गळा काढणार. तुम्हाला रडकी माणसं आवडत नव्हती आणि मला तुम्ही आवडत नव्हतात.

टेंभुर्णीची शाळा, सातवीचा वर्ग. तुम्ही आमच्याच वस्तीतल्या, विहाराच्या मागच्या गल्लीतल्या, म्हणून तुमची छडी माझ्या हाताला जरा जवळची. सहामाहीचा मराठीचा पेपर. तुमचा नियम साऱ्या शाळेला पाठ होता: आधी नाव, मग मजकूर. आणि मी प्रश्न सोपे आले या आनंदात नाव टाकायचंच विसरले. तुम्ही वर्गात तो पेपर दोन बोटांत धरून उभ्या आहात, मेलेला उंदीर धरावा तसा. "हा बेवारस पेपर कुणाचा हाये?" मी हात वर केला. "पन्नासपैकी शेहेचाळीस पडले व्हते याला. हुशार माणसाचाय, पण माणसाला नाव न्हाई. मंग मार्क कुणाला देऊ, भिंतीला?" वर्ग हसला. तुम्ही लाल शाईनं शून्य काढलंत, चांगलं मोठं, गिरवून. नंतर व्हरांड्यात मला गाठून हळू आवाजात म्हणालात, "आपल्या लोकांचं लिहिलेलं पहिलंच कमी. त्याच्यावर नाव न्हाई टाकलं तर ते दुसऱ्याचं होऊन जातं. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. पण शिकवण म्हणून नाही, डूख म्हणून.

दहावी पास झाले तेव्हा तुम्ही घरी आलात आणि एक स्टीलचा पेला दिलात. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याचं, अमक्याकडून सप्रेम भेट, म्हणजे पाणी पिताना प्रत्येक घोटाला उपकार आठवावेत. तुम्ही फक्त माझं नाव घातलं होतंत. आईनं विचारलं, "बाई, तुमचं नाव न्हाई घातलं?" तर म्हणालात, "माझं कशाला? विसरायची खोड हिची हाये." म्हणजे भेट देतानाही एक चिमटा काढलातच. त्या पेल्यात मी आता पेनं ठेवते.

पुढं मी कॉम्प्युटर शिकले आणि शाळा चालवणाऱ्या आपल्याच संस्थेच्या जालन्याच्या ऑफिसात वेबसाइट सांभाळायला लागले. तुम्ही निवृत्त झाला होतात. माजी शिक्षकांनी वेबसाइटवर काहीतरी लिहावं अशी टूम सचिवांनी काढली. बाकीच्यांनी शुभेच्छा लिहिल्या आणि सुटले. तुम्ही मात्र पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन एसटीनं आलात. शेतांची नावं. प्रत्येक वावराला लोक काय म्हणतात आणि का म्हणतात, ते तुम्ही गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांच्या चुलीपाशी बसून लिहून आणलं होतंत. सवतीचा बांध. रडकी पट्टी. उपाशाचा माळ. मालक चार वेळा बदलले तरी वावराचं नाव तेच, याचं तुम्हाला फार अप्रूप होतं. मी म्हणाले, कागद ठेवून जा, मी टाइप करते. "न्हाई. माझं मी टाकीन. तू फक्त दाखव."

मी दाखवलं. ते पॅनल, म्हणजे वेबसाइटवर लेख चढवायची आतली खोली, कुणीतरी माणसांवरचा राग काढायला बनवलेलं असावं. सगळं इंग्रजीत. ज्यानं लेख पानावर चढतो ते बटण वर कोपऱ्यात, करडं, आणि ज्यानं सगळं पुसलं जातं ते खाली हाताशी, चांगलं निळं. फोटो जरा मोठा असला की लाल अक्षरांत एक आकडा यायचा, चूक काय ते सांगायचा नाही. आणि लॉगिन करून वीस मिनिटं झाली की पॅनल न सांगता तुम्हाला बाहेर काढायचं, लिहिलेलं सगळं घेऊन. तुम्ही एका बोटानं टाइप करायचात. उपाशाच्या माळाचे तीन परिच्छेद झाले आणि पडदा कोरा झाला. "अगं, कुठं गेलं हे?" मी माझ्या खुर्चीतूनच म्हणाले, "बाई, जल्दी लिहावं लागतं." तुम्ही परत सुरुवात केलीत. परत गेलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसत बसलात. चष्मा स्वच्छ होता.

बाई, ती वीस मिनिटं कुणा देवानं ठरवलेली नव्हती. सेटिंगमध्ये एक चौकट होती, तिच्यात वीस लिहिलेलं होतं. तिथं दोनशे लिहिलं असतं तर दोनशे झाली असती. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही दीड वर्ष, दर गुरुवारी, टेंभुर्णीहून येत राहिलात, एकेक लेख दोनदा-तीनदा लिहीत राहिलात, आणि मी शेजारच्या टेबलावर चहा पीत बघत राहिले. मला बरं वाटायचं. तुम्ही अक्षरासाठी माझ्याकडून एकच पान चाळीस वेळा लिहून घेतलं होतंत, त्याचा हिशेब मी मनात लावायचे.

आणि नाव. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "नावाची जागा कुठंय?" मी म्हणाले, नाव लिहावं लागत नाही, ज्याच्या खात्यातून टाकलं त्याचं आपोआप येतं. "आपोआप आलेल्यावर माझा भरवसा न्हाई," असं म्हणून तुम्ही प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, गाव लिहायचात. तुमची एसटी सुटली की मी ती ओळ खोडायचे. पान नीटनेटकं दिसावं म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

मग तुम्ही गेलात. महिनाभरानं सचिव म्हणाले, "मेलेल्या माणसाचं खातं कशाला चालू ठेवता? काढून टाका." मी काढायला गेले तर पॅनलनं जन्मात पहिल्यांदा एक शहाणा प्रश्न विचारला: या व्यक्तीचे एकसष्ट लेख आहेत, त्यांचं काय करू? सगळे पुसू, की दुसऱ्या कुणाच्या नावे करू? खाली यादी उघडली. सचिव, हेडक्लार्क आणि मी. खरं तर काहीच न करता ती खिडकी बंद करता आली असती, खातं तसंच पडून राहिलं असतं, सचिव काही बघायला येणार नव्हते. मी माझं नाव निवडलं. एका क्षणात एकसष्ट पानांवर तुमच्या जागी मी आले. पहिल्यांदा कुणी कौतुक केलं तेव्हा म्हणणार होते की पॅनलनं घोटाळा केला. म्हणाले नाही. थँक्यू म्हणाले.

आता मी स्वतः पॅनलं बनवते, शाळांसाठी, ग्रामपंचायतींसाठी. बदनापूरपासून भोकरदनपर्यंत लोक म्हणतात, मॅडमचं पॅनल आजीबाईलाही जमतं. जमणारच. माणूस कुठं अडतो, कुठं घाबरतो, कुठं स्वतःलाच मूर्ख समजायला लागतो, हे मी दीड वर्ष तुमच्याकडे बघून शिकले. माझ्या पॅनलमध्ये लिहिलेलं दर अर्ध्या मिनिटाला आपोआप जतन होतं आणि नावाची चौकट सगळ्यात वर असते.

गेल्या आठवड्यात पिंपळगाव रेणुकाईहून एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला. "मॅडम, आमच्या वावराचं तुमी लिवलेलं नातवानं वाचून दाखवलं. बराबर लिवलंय. माझ्या मायनं एका बाईला सांगितल्तं ते सगळं. त्या बाई तुमीच का?" मी हो म्हणाले. "माय मरंपस्तोर तुमचं नाव काढायची. चुलीपाशी बसून आमची भाकर खाल्ली म्हणायची, पर लई कडक बाई हाय म्हणायची." मी म्हणाले, "आता वयानं नरम झाले." तो खूप हसला, पोटभर दुवा दिला आणि जेवायला या म्हणाला. तुम्ही त्या घरी खाल्लेली भाकरीसुद्धा मी माझ्या नावावर केली.

फोन ठेवून मी संस्थेची जुनी वेबसाइट उघडली, ती अजून मीच बघते. लेख परत तुमच्या नावे करायचे तर यादीत तुमचं नाव नाही, नव्यानं खातं काढावं लागेल, त्याला ईमेल सक्तीचा. मेलेल्या माणसाला ईमेल कुठला, असं स्वतःला म्हणाले. त्या चौकटीत काहीही टाकलं तरी चालतं, हेही मला माहीत आहे. तुमच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव आहे आणि शेवटच्या गुरुवारी ऑफिसातच राहिलेला तो गठ्ठा माझ्याच कपाटात आहे. मी चहा करायला उठले. परत आले तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती आणि पॅनलनं मला बाहेर काढलं होतं. तो आकडा मी अजून बदललेला नाही. परत लॉगिन केलं नाही.

हा कागद त्याच गठ्ठ्यात, सगळ्यात खाली ठेवून देईन. बाई, याच्यावर मी नाव टाकलेलं नाही. या वेळी विसरले नाही.