कांथेचा कापलेला कोपरा

मुलचेरा, १४ नोव्हेंबर १९८६

संध्याकाळपासून डोकं तापलं आहे. शेजारच्या शेफालीदीची कांथा, म्हणजे तिच्या आजीनं पूर्व बंगालात शिवलेली नव्वद-शंभर वर्षांची गोधडी, नागपूरच्या कापडवाल्याला मीच मिळवून दिली. "हिच्यावरून नवं कापड छापतो, मग जशीच्या तशी परत," म्हणाला. मी शेफालीदीला शब्द दिला. काऊन दिला?

आज पार्सल आलं. कांथेचा एक कोपरा वीतभर कापलेला. सरळ कात्रीनं! सोबत चिठ्ठी, 'नमुन्यासाठी थोडा भाग काढावा लागला.' आणि छापलेलं नवं कापड दोन मीटर, भेट म्हणून. भेट म्हणे!

शेफालीदी ओरडली नाही. नवं कापड मांडीवर पसरून त्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाई, ही वेल नाई. बंगाली अक्षरं हायेत. माह्या आजीचं नाव, सौदामिनी. तिनं त्याच कोपऱ्यात शिवलं होतं."

कापडभर तेच नाव, कुठे आडवं, कुठे उलटं. त्यांना ती वेलबुट्टी वाटली. आणि मला? मी शाळेत शिकवणारी, मलाही वेलच वाटली होती. कधी विचारलंसुद्धा नाही.

"मी काय करू, दीदी?"

"कापड नको मले. तो तुकडा आणून दे."

वीतभर तुकडा. फेकलाही असेल त्यांनी. पत्र लिहायला बसले तर पहिलाच शब्द आला 'कृपया'. कागद फाडला. दुसऱ्यावर एवढंच लिहिलं, 'तुकडा सांभाळून ठेवा. घ्यायला आम्ही दोघी येतो आहोत.'