इशापर्यंतचा लाल रंग

३ डिसेंबर, मंगळवार
नऊशे पौंड! पाय धुवायचे नऊशे! मेरवतनं फोनवर आकडा सांगितला तेव्हा वाटलं, लेक घराच्या रंगकामाचं बोलतेय. "बाबा, गुलाबपाण्यात पाय बुडवतात, टाचा घासतात, नखं घडवतात, रंग लावतात. समुद्रासमोर काचेचं सलून आहे." म्हटलं, येत्या मंगळवारी लाव आईचं नाव.
बहीगा आधी हसली. "मोरीतला काळा दगड काय मेला?" मग एकदम गंभीर. "आणि मेरवतचे बाबा, रंग लावून नमाज कशी पढू? नमाजेआधी हातपाय धुताना नखाला पाणी पोचलं नाही, तर वजू होतो का? दुपारी लावायचा आणि तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजेआधी खरवडायचा— नऊशेचा?"
 

४ डिसेंबर
तिला कसं सांगू, मला टाचांशी काही देणंघेणं नाही! मला तो लाल रंग पुन्हा बघायचाय.
महिन्यातले ते दिवस बाईला नमाज माफ. तेवढ्याच दिवसांत बहीगा पायांची नखं रंगवायची. ट्राम डेपोतून घरी आलो की मी आधी तिच्या पायांकडे बघायचो. लाल दिसलं की जड पातेलं मी उचलायचं. माझी आई छताकडे बघत बसायची— तिला सगळं कळायचं. एका हिवाळ्यात लाल आलाच नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मी काही विचारलं नाही, संत्र्यांची पिशवी आणून ओट्यावर ठेवली. लाजून म्हणाली, "फार लक्ष असतं हो तुमचं!" मेरवत झाली.
मग पन्नाशीत कधीतरी लाल थांबला, तो कायमचा. बाटली तिनं धाकट्या जावेला देऊन टाकली.
शाळेत पाठ केलेल्या जुन्या अरबी कवितांत कवी उंट थांबवायचा. प्रियेचा तळ उठून गेलेला, मागे नुसती राख— ती बघून रडायचा. मास्तर म्हणायचे, मोठ्यानं म्हणा! आम्ही ओरडायचो. कळायचं काही नाही. आता कळतं.

६ डिसेंबर, शुक्रवार
सांगून टाकलं तिला. सगळं.
"या वयात?" एवढंच म्हणाली, आणि उगाचच ओढणी सारखी करत राहिली.

७ डिसेंबर
'नाही' म्हणालेली नाही अजून.

९ डिसेंबर, सोमवार
मेरवत म्हणते, पाणी झिरपणारा रंगही मिळतो, दोनशे जास्त. बहीगा— "पाणी झिरपतं, मग रंग टिकतो कसा? कुणाला शिकवतात!"
मग चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता— "वजू आधी करीन, रंग मग लावू देईन. वजू टिकला तर दिवसभराच्या नमाजा रंगासकट होतील. पण ऐका, रात्रीची इशा होईपर्यंत हात लावायचा नाही!"
खरंच आहे. आमच्या शाफई रिवाजात नवऱ्याचं बोट लागलं तरी वजू मोडतो.
कबूल! कबूल!

१० डिसेंबर, मंगळवार
सलूनमधून आली ती उघड्या चपलांत— डिसेंबरात! दहाच्या दहा नखं लाल. टॅक्सीतून उतरताना मी सवयीनं हात पुढे केला.
"हात मागे! नऊशे बुडतील!"
ड्रायव्हर बघतच राहिला.
घरी चहा नाही, पाणी नाही— लघवीला जावं लागलं की वजू संपला. लवंडणं तर नाहीच— डोळा लागला तरी वजू गेला. सोफ्यावर ताठ बसली. मी समोरच्या खुर्चीत. इतक्या वर्षांत एवढ्या जवळ बसून एवढा लांब कधी नव्हतो! शाळेतली कविता म्हणायला घेतली, मध्येच विसरलो, भलतीच ओळ जोडली. "हसवू नका हो! सत्तरीत हसणं धोक्याचं असतं!"
अस्र झाली. सूर्यास्ताची मग्रिब झाली. एकदाची इशा झाली. नमाजेच्या मुसल्ल्याची घडी करायच्या आधीच तिनं दोन्ही पाय माझ्या मांडीवर ठेवले. गार होते. टाचा इतक्या मऊ, की कुणा परक्या बाईच्या वाटल्या! नखं मात्र तीच. धरून बसलो.

११ डिसेंबर
पहाटेच्या नमाजेआधी मीच कापसानं एकेक नख पुसलं.
आत्ता मेरवतचा फोन— "बाबा, आईनं सलूनमध्ये दर महिन्याची वेळ घेऊन ठेवलीय. तुम्हाला बोलली?"