खात्रीलायक सूत्र

२ जुलै, सकाळी ६.१०
आजपासून पत्रकारितेचा विद्यार्थी. वय छप्पन्न, मन एकवीस. (बायको म्हणते, अक्कल त्याहून कमी. हिला विनोद जमत नाही.) एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. म्हणजे पत्रकारिताच की! छापायचं तेवढं राहिलं होतं. संकल्प : रोज तीन वर्तमानपत्रं, शॉर्टहँड, आणि महिन्याच्या आत पहिल्या पानावर नाव.

२ जुलै, संध्याकाळी
वर्गात शिरताच सगळी मुलं उभी राहिली. काय संस्कार! मग लक्षात आलं, त्यांना मीच प्राध्यापक वाटलो. उगाच कशाला हिरमोड करायचा, म्हणून खुलासा केला नाही. अर्धी हजेरी घेऊन झाली, तेवढ्यात खऱ्या मॅडम आल्या. माझ्या लेकीहून दोन वर्षांनी लहान.

९ जुलै
तीनपैकी एक वर्तमानपत्र वाचलं. दुसऱ्यातलं कोडं सोडवलं. शॉर्टहँड सोमवारपासून. पहिली बातमी दिली : कॉलेजच्या जिन्यातला बंद दिवा. सोळाशे शब्द. मॅडम म्हणाल्या, "काका, दिवा बंद आहे हे अकराव्या परिच्छेदात कळतं." म्हटलं, उत्कंठा! त्या कपाळावर हात ठेवून बसल्या. छाप पडलेली दिसते.

२१ जुलै
विभागाच्या साप्ताहिकाला विद्यार्थी संपादक नेमायचाय. या अंकातली बातमी पाहून ठरणार. शर्यतीत दोघेच. मी आणि पहिल्या बाकावरची चष्मेवाली. ती पोरगी बिचारी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. अशानं वेग कसा येणार?

२४ जुलै, दुपारी
सनसनाटी! सलूनमध्ये केस कापून घेत होतो. सलूनवाला म्हणाला, "तुमचे ते शाळेतले व्याकरणाचे सर गेले की."
"गेले?"
"परवाच. घराला कुलूप आहे."
डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं, अंक पाचला छपाईला जातो. डोकं अर्धवट कापलेलं, तसाच गळ्यातल्या फडक्यासकट पळालो.

२४ जुलै, संध्याकाळी ५.३०
मृत्यूलेख लिहिला. नऊशे शब्द. स्वतःच दोनदा रडलो. बायको म्हणाली, कुणाला तरी फोन करून विचारा आधी. शोकाकुल घरी फोन? किती असंवेदनशील! चष्मेवालीनंही विचारलं, "काका, कन्फर्म केलंत?" शुद्ध मत्सर. तिला म्हटलं, माझं सूत्र खात्रीलायक आहे, दर महिन्याला माझ्या मानेवर वस्तरा धरतं. मॅडम रजेवर, म्हणून पान मीच परस्पर पाठवलं. सरांचा फोटो मिळेना. पान मोकळं दिसायला नको, म्हणून लेखक या नात्यानं माझा लावला.

२७ जुलै
पहिल्या पानावर! 'दुःखद निधन' आणि खाली मी, हसतमुख. सकाळीच मेहुण्याचा फोन. आवाज जड. "ताईला द्या." म्हटलं, ती आंघोळीला गेलीय, मी बोलतोय. पलीकडे किंचाळी, मग फोन पडल्याचा आवाज. लेखणीत एवढी ताकद असते!

२९ जुलै
सर आले. चालत, काठी टेकत, थेट वर्गात. वय एकोणनव्वद. मुलीकडे गेले होते. म्हणजे 'गेले' हे अक्षरशः खरंच होतं, माझं सूत्र चुकलेलं नाही. मी बाकाखाली पेन शोधत होतो. सरांनी नाव घेऊन उभं केलं. हातात अंक, त्यावर लाल शाईच लाल शाई.

"मी मेलो त्याचं काही नाही, माझं वयच तसलं आहे," सर म्हणाले. "पण 'मृत्युलेख' दीर्घ? 'विद्यार्थिप्रिय' दीर्घ? अरे, हे तुला मीच शिकवलं होतं ना?"
"हो सर."
"मग खरंच गेलो म्हणायचं."

वर्ग हसून लोळला. मॅडमसुद्धा. शेवटी सरांनी एका ओळीवर काठी टेकवली. 'सरांनीच मला घडवलं.' म्हणाले, "एवढं काढून टाक. माझी बदनामी होते."

मी मान खाली घालून ती ओळ खोडायला घेतली. सरांनी ते पाहिलं. माझ्या अर्धवट डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मजकुरात जीव आहे हो गाढवा. माझ्यापेक्षा जास्त. सकाळी सातला घरी येत जा. मुलं येतात शिकायला."

३० जुलै
चष्मेवाली संपादक. तिचा पहिला लेख : आमचा खुलासा. दोनदा तपासलेला. मला काही वाईट वाटलेलं नाही. सरांच्या वर्गात पहिला नंबर काढायचाच. पोरासोरांत अवघड ते काय!

६ ऑगस्ट
सरांकडे शुद्धलेखनाची पहिली चाचणी झाली. आम्ही सहा जण. बाकीचे पाचवीतले. मी पाचवा आलो. सहावी मुलगी तापानं आलीच नव्हती.