देवाच्या झग्यातला मूतखडा

मु. बूदाई,
ता. २४ फेब्रुवारी १९८८

चि. सू-तिन हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटात तोंडाला लावायच्या रंगाची एक जुनी डबी आहे. उघड, पण नाकाजवळ नेऊ नकोस. आतली वाळू बूदाईच्या किनाऱ्यावरची नाही, तुझ्या बहिणीची आहे. पंधरा दिवस झाले, लघवीतून पडते आहे. तू दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर परक्यांचे मूतखडे तपासतेस, तर घरचाही एक तपास. चार वर्षांपूर्वी माझी डावी कूस वीतभर कापून जो खडा काढला, तोच पाहुणा परत आलाय का, एवढं गुपचूप कळव.

दुखत असं फारसं नाही. संध्याकाळी अंगात कणकण असते, लघवी गढूळ होते आणि तिला वास मारतो. आपल्या नाटकमंडळीतल्या ढोलवाल्या बून-होला खडा झाला होता, तो डॉक्टरने दिलेल्या सोड्याने विरघळला. तेव्हापासून तो स्वतःला वैद्य समजतो. रोज सकाळी कोहळ्याच्या चहात चमचाभर सोडा ढवळून मला देतो आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. तीन महिने हे चाललंय.

आई झग्यांच्या पेटीवर बसून सगळ्यांवर ओरडत असते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तिला यातलं काही बोलू नकोस. आता समुद्राच्या माझूदेवीच्या वाढदिवसापर्यंत रोज एका तरी देवळापुढे खेळ आहे. तू जेवत जा. नव्या वर्षाला आलीस तेव्हा तुझ्यापेक्षा माझ्या खेळातल्या भाल्याला जास्त अंग होतं.

माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई,
ग्वे-हा


ताइचुंग,
ता. ४ मार्च १९८८

ती. ताईस,
सू-तिनचा सा. न. वि. वि.

तुझी डबी नीट धुतलेली नव्हती. पहिल्या तपासणीत खड्यात जस्त निघालं! आमचे साहेब चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले, असा रोगी जगात नाही म्हणाले. मग लक्षात आलं की ते तुझ्या तोंडाच्या पांढऱ्या रंगातलं जस्त. खडे धुऊन पुन्हा तपासले.

ताई, सोडा आजच्या आज बंद कर. बून-होला सांग की त्याच्या खड्याची आणि तुझ्या खड्याची जात वेगळी आहे. त्याचा होता यूरिक ॲसिडचा. लघवीतला आंबटपणा कमी केला की तो विरघळतो, म्हणून त्याला सोडा लागू पडला. तुझा आहे फॉस्फेटचा. त्याला आंबटपणा कमी झालेलाच हवा असतो, त्यात तो पोसतो. तीन महिने तुम्ही दोघांनी मिळून त्याला खाऊ घातलंय.

फॉस्फेटमध्येही दोन तऱ्हा. एक कॅल्शियमची. मानेतल्या छोट्या ग्रंथी जास्त काम करायला लागल्या किंवा मूत्रपिंडाला लघवी आंबट करणं जमेनासं झालं, तर ती होते. तुझ्यात ती थोडी आहे, म्हणून रक्तातलं कॅल्शियम बघून घे. पण मुख्य खडा दुसरा, जंतूंचा. लघवी तुंबून राहिली की काही जंतू तिच्यात घर करतात, तिचा अमोनिया करतात, आणि त्यातून मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचा खडा धरतो. तो दुखत नाही, हीच त्याची लबाडी. दोन-चार महिन्यांत अख्खं मूत्रपिंड भरून टाकतो.

च्या-ई शहरात जाऊन एक्स-रे काढ. हा खडा तुलाच दोनदा का व्हावा, ते मला कळत नाही. तू पाणी किती पितेस?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
सू-तिन


मु. बूदाई,
ता. १५ मार्च १९८८

चि. सू-तिन हिस,
अनेक आशीर्वाद.

बून-हो दोन दिवस जेवला नाही. आता सोड्याऐवजी रोज माफी आणून देतो. सोडा बरा होता.

एक्स-रे झाला, सोबत पाठवते आहे. कॅल्शियम ठीक निघालं. डाव्या मूत्रपिंडात सांबराचं शिंग बसलंय, असं डॉक्टर म्हणाले. मीही पाहिलं, फांद्याबिंद्या सगळं आहे. लगेच काढा म्हणत होते. मी देवीचा वाढदिवस झाल्यावर बघू म्हणून सांगून आले.

पाण्याचं विचारलंस. तुला मंडळी सोडून पंचवीस वर्षं झाली, विसरली असशील. खेळाआधी स्वर्गाचा अधिकारी देव रंगमंचावर येऊन गावाला आशीर्वाद देतो, तो तीस वर्षं मीच आहे. तोंडाला देवाचा रंग लागल्यापासून तो पुसेपर्यंत पाणी नाही आणि संडासला जाणं नाही, हा आईचा नेम. अकराला रंग लागतो. देवीची पालखी आली की खेळ सुरू, आणि पालखी केव्हा येईल ते देवीलाच ठाऊक. कधी दोन तास, कधी पाच. संध्याकाळी पुन्हा तेच. मग मी सकाळपासूनच पाणी पीत नाही, म्हणजे प्रश्न मिटला. लोक त्या चेहऱ्यापुढे आजारी पोरं आणून धरतात गं. त्या तोंडाने मी संडासच्या रांगेत कशी उभी राहू?

तू शिकलेली आहेस, पण हे शाळेत शिकवत नाहीत. काळजी करू नकोस.

तुझी ताई


ताइचुंग,
ता. २० मार्च १९८८

ती. ताईस,
सा. न.

प्रश्न मिटला म्हणतेस? तो प्रश्न तुझ्या डाव्या कुशीत शिंगं फुटून बसलाय. तीस वर्षं तू पाणी प्यायली नाहीस आणि लघवी दाबून ठेवलीस, आणि आम्ही शहाणे लोक खड्याचं रसायन तपासत बसलो.

इथल्या सर्जनना तुझा एक्स-रे दाखवला. असं ठेवलं तर जंतू एक दिवस रक्तात उतरतील, आणि मग मूत्रपिंडाचं नव्हे, माणसाचंच बघावं लागेल, असं म्हणाले. आता पूर्वीसारखं कापत नाहीत. पाठीला बोटभर भोक पाडून नळी घालतात, आतच खडा फोडून तुकडे ओढतात, उरलेल्यांना बाहेरून यंत्राचे धक्के देऊन त्यांचा चुरा करतात. पण एक कणही आत राहता कामा नये. त्या कणात जंतू दडलेले असतात आणि त्यावर नवा खडा धरतो. मागल्या वेळी बहुधा तेच झालं.

पाच एप्रिलची तारीख घेतली आहे. देवीच्या वाढदिवसाला पुरता महिना राहतो, तोवर उभी राहशील. आली नाहीस तर मी तिथे येऊन भर खेळात रंगमंचावर चढेन. तुझ्या भाल्याला मी भीत नाही. माझ्यासाठी ये, ताई. मला बहीण एकच आहे.

तुझी,
सू-तिन


ताइचुंग,
ता. २६ एप्रिल १९८८

तीर्थरूप आईच्या सेवेशी,
सू-तिनचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र ताईच तुला वाचून दाखवणार, कारण तुमच्यात अक्षर लागतं ते तिलाच. ताई, एक ओळही गाळू नकोस. बून-हो शेजारी बसला असेल तर त्यालाही ऐकू दे.

आई, तुला सांगितलं तशी ताई दोन आठवडे माझ्याकडे हवापालटाला आली नव्हती, दवाखान्यात होती. तिच्या पाठीतून दोनदा नळी घातली, एकदा धक्के दिले. शेवटच्या एक्स-रेत कणही उरलेला नाही. तीन महिने जंतूंवरच्या गोळ्या आहेत. पण सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे मूत्रपिंड निम्मं कामातून गेलंय. तिसऱ्यांदा खडा झाला तर खडा नाही, मूत्रपिंडच काढावं लागेल. तो होऊ नये म्हणून औषधापेक्षा मोठी गोष्ट एकच. दिवसभर पाणी प्यायचं आणि दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं. देवाचा रंग तोंडाला असला तरी.

ताई इथे माझ्याकडे ऐकते आणि तिथे आली की विसरते. ती मला घाबरत नाही, डॉक्टरला घाबरत नाही, तुला घाबरते. वयाच्या बावन्नाव्या वर्षीही. नेम तू घातलास, तो तूच उचलू शकतेस. देवाला राग येईल असं वाटत असेल, तर तो माझ्या नावावर लाव. मी लहानपणापासून मंडळीतली नावडतीच आहे.

आई, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं दे.

तुझी धाकटी,
सू-तिन


मु. बूदाई,
ता. १० मे १९८८

चि. सू-तिन हिस,
ताईचे अनेक, अगदी पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी सगळं वाचून दाखवलं. गाळणार होते, पण बून-हो मान लांब करून कागदात बघत होता, मेल्याला अक्षर येत नाही तरी. आईने पुढे केलेली भाताची पेज खाल्ली नाही, पेटीवर पाठ करून बसली. पुढे दहा-बारा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटलं, संपलं. मी सकाळी पाणी प्यायचे, आणि रंग लागला की पुन्हा तोंड मिटून बसायचे. खोटं कशाला सांगू?

परवा देवीचा वाढदिवस. अकराला मला रंग लागला, झगा चढला, टोपी बसली. पालखी शेजारच्या गावात अडकली. बारा झाले, एक झाला, दोन झाले. पुढे माणसांचा नुसता समुद्र. सकाळी मी तुझ्या नावाने चार पेले पाणी प्यायले होते. अडीचला पाठीत जुनी ओळखीची कळ आली. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

आई उठली. काठी घेऊन माझ्यापुढे आली, माझी बाही धरली आणि चल म्हणाली. मला वाटलं, झोपवायला नेते. तर ही बया मला मागच्या शिडीने उतरवून थेट गर्दीत घेऊन शिरली. पुढे ही काठी आपटत, बाजूला व्हा, देवाला वाट द्या, म्हणून ओरडते आहे. मागे मी, पांढऱ्या तोंडाची, हातभर दाढी, सोन्याचा पट्टा. लोक दोन्हीकडे झाले. बायकांनी हात जोडले. एका म्हातारीने माझ्या झग्याचं टोक कपाळाला लावलं. देव कुठे निघालाय, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही देवळामागच्या संडासापर्यंत पोचलो.

दारात आईने माझी टोपी काढली, पट्टा सोडला, आणि तेव्हा ती बोलली. हा नेम देवाचा नव्हताच, सू-तिन. मंडळी नवी होती तेव्हा आपल्याकडे देवाचा झगा नव्हता. दुसऱ्यांचा भाड्याने आणलेला. गावोगाव चिखल, संडास म्हणजे दोन फळ्या. झगा खराब होऊ नये म्हणून आईने सांगितलं, देव लघवीला जात नाही. पुढे आपले झगे झाले, पण नेम राहिला. माझ्या आधी देव तीच होती, तिनेही वीस वर्षं दाबून ठेवलं. आपणच सांगितलेलं आपणच कसं मोडायचं, म्हणून.

मला फार राग आला. दोनदा फाडलं मला, तुझी झोप उडाली, निम्मं मूत्रपिंड गेलं, ते एका भाड्याच्या झग्यापायी. आत जाऊन झगा कमरेशी गोळा केला, बसले, आणि बाहेर आल्यावर तिला काय काय बोलायचं ते जुळवत होते. पण फळीच्या फटीतून ती दिसत होती. टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरून, दाराला पाठ लावून उभी. कुणी येत नाही ना, ते बघत होती. आणि आपण तिघी लहानपणी शेताच्या बांधावर जायचो तेव्हा विचारायची ना, तशी दर थोड्या वेळाने विचारत होती, होतंय ना गं, घाई करू नकोस, मी आहे इथे.

तुझी ताई,
ग्वे-हा