माझा बेस, त्याचा फॉर्म

४ ऑगस्ट २००८, सोम.
सरांनी सगळ्या ऑफिससमोर संग्रामची पाठ थोपटली. शिरोळकडच्या साखर कारखान्यासाठी त्याने कॉम्प्युटरवर केलेला ऊसनोंदणीचा फॉर्म. "बघा, केवढ्याशा कोडमध्ये केलाय!" केवढासा असणारच. पहिल्या ओळीत माझ्या बेस फॉर्मचं नाव टाकलं की माझे सगळे रकाने, सगळ्या तपासण्या आयत्या मिळतात. नाव, गाव, गट नंबर, ऊस लागणीची तारीख. खाली याने आपले दोन रकाने जोडले. झाला हुशार!
तो बेस मी उन्हाळाभर बसून लिहिला. तेव्हा सर म्हणाले होते, "जरा लांबलाय."
नुसता जळफळाट. डबा तसाच परत आणला.

६ ऑग.
जेवताना संग्राम स्वतःहून, "अक्का, सगळं तुमचंच हाय की त्यात. मी नुसतं दोन रकानं वाढवल्यात." वर अंबाडीची भाजी वाढली. चांगला वागतो हाच त्रास. भांडखोर असता तर बरं झालं असतं. आणि अक्का काय? दोनच वर्षांनी मोठी आहे मी.

८ ऑग., शुक्र.
आणखी कारखाने येणार. फॉर्मच्या टीमला प्रमुख हवा. सोमवारी सर आणि संग्राम कारखान्याच्या चेअरमनना फॉर्म दाखवणार, "मग ठरवू." म्हणजे ठरलंच.
मला हवंय ते पद. कुणाला बोलणार, इथेच लिहिते.

९ ऑग.
बेसमध्ये टोपणनावाचा रकाना आहे, भरला तर भरला. आमच्या राधानगरीकडे एका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील. टोपणनावाशिवाय कुणाचा ऊस कुणाच्या नावावर पडेल. आज तो कंपल्सरी केला, सर्व्हरवर चढवला. माझ्यात बदललं की त्याच्यातही बदलतं. त्याला कळवलं नाही. सुधारणाच आहे ना?
सुधारणा असती तर कळवलं असतं.

११ ऑग., सोम.
दिवसभर कामात लक्ष नाही. संध्याकाळी दोघे परत आले, सर हसतच. पहिली नोंद चेअरमनांचीच घेतली म्हणे. टोपणनावाशिवाय फॉर्म पुढे जाईना. अख्खा कारखाना त्यांना माघारी 'बेडूक' म्हणतो; तोंडावर कोण सांगणार? संग्राम घामाघूम, क्लार्क छताकडे बघतायत. शेवटी चेअरमनच ओरडले, "घाला की बेडूक! मला काय म्हायती न्हाय व्हय?" हसून हसून सगळ्यांची वाट लागली. मग म्हणाले, "ह्यो रकाना कंपल्सरीच ठेवा. निम्मी भांडणं सारख्या नावांमुळंच हुत्यात." कुणाची आयडिया, असं सरांनी विचारलं.
संग्राम म्हणाला, "अक्कांची."
उद्यापासून मी प्रमुख. सरांनी दिलेला पेढा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

१२ ऑग.
जिन्यात थांबवलं त्याने. "कंपल्सरी कवा केलासा? शुक्रवारी न्हवतं."
"शनिवारी."
"सांगायचं हुतं की." एवढंच बोलून खाली गेला.

१४ ऑग., गुरु.
टीमचं काम तपासायचं म्हणून त्याचा फॉर्म उघडला. लांबलचक झालाय. पहिल्या ओळीत माझ्या बेसचं नाव नाही. नाव, गाव, गट नंबर, सगळे रकाने त्याने स्वतः नव्याने लिहिलेत. टोपणनावही, कंपल्सरी. एवढासा फॉर्म एवढा कसा झाला, हे सर आता मलाच विचारणार. काय सांगू?
जाताना म्हणाला, "येतो, मॅडम."