छतावरची टाकी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या खात्यात एक नवा इंजिनिअर आला आहे. मुलगा हुशार आहे. खिशातल्या यंत्राची बटणं दाबतो आणि आठ आकडी उत्तर सांगतो. काल मी विचारलं, "अंदाजे किती यायला हवं होतं?" तो पुन्हा बटणं दाबू लागला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मी शिकवणीला यायचो ते लोणावळ्यातलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. भिंतींना ओल, शेगडीभोवती वाळत घातलेले कपडे, आणि तुम्ही पिठलं ढवळता ढवळता माझी वही तपासताय. माझं मॅट्रिकचं वर्ष. घागरीच्या उदाहरणाचं माझं उत्तर पंधराच्या जागी दीडशे शेर. रीत बरोबर होती, दशांश चिन्ह घसरलं होतं. तुम्ही पळी खाली ठेवली. "ही घागर उचलणार कोण? तुझी आई?" वही माझ्याकडे सरकवलीत. "उत्तर आलं की ते मनात उचलून बघायचं. मगच खाली रेघ मारायची." मला तुमचा फार राग आला होता.

तुम्ही गेल्यानंतर तळेगावजवळ, आंबीच्या वाटेवरच्या एका कारखान्यात मी नोकरीला लागलो. तिथे जेवणघराच्या छतावर नवी टाकी चढवली आणि पाणी सोडलं. त्या सकाळी मी कागद पुन्हा चाळतो आहे. छताला पेलेल तो आकडा मोठा, भरलेल्या टाकीचा लहान. सगळं ठीक दिसतं. तरी सवयीनं ती टाकी मनात उचलून बघतो आणि ती फार जड लागते. छताचा नकाशा जुना, पौंडांतला. टाकी नवी, किलोंतली; एका किलोत दोन पौंडांहून जास्त. माझ्या वरच्या साहेबांनी आकड्याशी आकडा ताडून पाहिला होता आणि सही केली होती. मी पुन्हा पुन्हा मांडलं. वजन छताला पेलेल त्याच्या जवळजवळ दुप्पट येत होतं, पण साहेबांची सही समोर असली की स्वतःच्या गुणाकाराचाही भरवसा वाटत नाही.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. भाकऱ्या करणाऱ्या वराळे गावच्या मावशींनी मला छताकडे टक लावून बघताना पाहिलं.

"सायेब, आमी आत बसायचं का न्हाई?"

"मावशी, थांबा जरा. हिशेब बघतोय."

"हिशेब ऱ्हाऊ द्या. व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

"नाही. सगळ्यांना बाहेर घ्या," मी म्हणून गेलो.

साहेब तणतणत आले. "नकाशा मंजूर आहे. जेवण कुणाला विचारून थांबवलंस?" मी कागद पुढे केला. त्यांनी उभ्याउभ्या पेन्सिल चालवली, मध्येच थांबले, पुन्हा वरपासून सुरुवात केली. मग दाराकडे तोंड करून हळूच म्हणाले, "टाकी रिकामी करा."

तुळईच्या पोटाला केसाएवढी चीर सापडली. पुढे ती टाकी खाली उतरवून वेगळ्या खांबांवर बसवली. कुणाला काही झालं नाही. मी मात्र घरी पोचल्यावर तोच गुणाकार पुन्हा एकदा मांडून बघितला.

उद्यापासून त्या मुलाला रोज कामानंतर बसवून घेणार आहे. यंत्र त्यानं खुशाल वापरावं, पण येणारं उत्तर त्याला आधी ओळखता यायला हवं. मला ते शिकवता येईल का, याची धाकधूक आहे. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता कुठला? राहील खणात. तुमच्यासमोर एक गोष्ट बोलायची कधी छाती झाली नाही. बाई, मला गणित कधीच आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.